जुन्या मापाचं जॅकेट

या, असे जवळ सरका. दारापाशी बसलात तर अर्धंच ऐकू येईल, आणि अर्ध्या गोष्टीने माणसाचं पोट भरत नाही, दुखतं मात्र. आज तुम्हाला सात कपड्यांची गोष्ट सांगतो. सातातले सहा अंगाबरोबर बसले आणि एक मुद्दाम मोठं राहिलं. ते का राहिलं, एवढंच सांगायचं आहे. देव माझी जीभ सरळ ठेवो आणि तुमचं चित्त जागेवर.

मास्तर, म्हणजे आपले शिंपी मास्तर, गेले ते आपण मागेच ऐकलं. त्यांच्या मागे दुकान काही बंद पडलं नाही. खाली शिवणकाम, वर घर आणि मधे लाकडी जिना. त्या जिन्याची एकेक पायरी वेगळ्या सुरात कुरकुरायची, त्यामुळे वरून कोण उतरतंय ते खाली बसल्या बसल्या कळायचं. मास्तरांची कात्री थोरल्याकडे आली. त्याला सगळे दादा म्हणत. शिवणीच्या कडा गुंफणाऱ्या ओव्हरलॉकच्या मशीनवर त्याची बायको, म्हणजे वहिनी, पायाने मशीन आणि तोंडाने घर चालवायची. काज, बटणं, तुरपाई हे हातकाम आईकडे. धाकट्याने मात्र सुई कधी धरली नाही. "मला कापड बघितलं की शिंका येतात," म्हणत तो निघाला आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला औषधांचं दुकान टाकून बसला.

उरली मधली लेक. ती शाळेत खेळ शिकवायची. सदा गळ्यात शिट्टी, म्हणून घरात तिचं नावच शिट्टी पडलं. लग्न केलं नाही, विचारलं तर म्हणायची, "चाळीस पोरं आहेत मला, आणखी कशाला?" पानगळीच्या दिवसांत ती आजारी पडली आणि आईच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीखाली तिचा पलंग लागला.

डॉक्टरांनी खरं ते धाकट्याला बाजूला घेऊन सांगितलं. धाकट्याने ते दुकानात येऊन, शटर अर्धं ओढून बाकीच्यांना सांगितलं. "येता वसंत ऋतू बघेल म्हणाले. त्याच्यापुढचं विचारू नका म्हणाले. आणि हे बघा, ताईला ह्यातलं एक अक्षर कळता कामा नये. खचली तर तेवढंही उरायचं नाही."

आईने मान डोलावली. दादा म्हणाला, "डॉक्टर काय देव आहेत?" आणि कात्री उचलली. एकटी वहिनी म्हणाली, "आणि त्यांनी विचारलं तर?"

तो प्रश्न तसाच राहिला, खिळ्याला अडकवलेल्या ओल्या छत्रीसारखा टपटपत.

आता शिट्टी पडली टेलरची लेक. दवाखान्यातला काटा काहीही म्हणो, तिचा भरवसा शिवणीवर. रोज सकाळी टीशर्ट डोक्यातून घालायची, दोन्ही कुशींवरून हात फिरवायची आणि म्हणायची, "बसतोय बरोबर. म्हणजे मी आहे तिथेच आहे. कपडा खोटं बोलत नाही, काय गं आई?"

आणि इथेच त्या माउलीची बुद्धी फिरली. लेक एकदा कुशीवरून हात फिरवता फिरवता थांबली. बोटांत कापड जास्त आलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते आईला बघवेना. त्या दुपारी लेक औषधाच्या गुंगीत असताना आईने तो टीशर्ट घेतला, दोन्ही बाजूंची शिवण उसवली, बोटभर कापड कापून काढलं आणि हातशिलाईने, मशीनलाही लाजवेल अशा बारीक टाक्यांनी परत शिवला. दुसऱ्या दिवशी शिट्टीने हात फिरवला आणि हसली. "बघ, काल उगाच वाटलं मला."

एकदा केलं, मग ते थांबेना. लेक उतरत गेली आणि आई तिच्यामागे सुई घेऊन धावत राहिली. टीशर्ट झाले, झोपायचे कपडे झाले, पँटींची इलॅस्टिक आखडून झाली. कापून काढलेल्या पट्ट्या टाकून देववेनात. जन्मभर चिंधीही न टाकलेले हात ते. पट्ट्या रिळांच्या डब्यात, रिळांच्या खाली जात राहिल्या. वर मोठा आरसा नव्हताच. मोठा आरसा खाली, ट्रायलच्या पडद्याआड.

थंडी ओसरायला लागली तशी शिट्टी उशीला टेकून बसू लागली. एका सकाळी तिने दादाला वर बोलावलं आणि कागदावर काढलेली चित्रं त्याच्यापुढे धरली.

"सात कपडे, दादा. मोजके. पांढरा गोल गळ्याचा टीशर्ट, निळा कॉलरवाला, पट्ट्यापट्ट्यांचा लांब बाह्यांचा. राखाडी स्वेटशर्ट. एक ट्रॅक पँट, एक साधी सुती पँट, आणि झिपचं जॅकेट. ह्यातलं काहीही कशावरही चाललं पाहिजे. पहाटे अंधारात कपाटात हात घालावा, हाताला येईल ते अंगावर चढवावं आणि मैदानावर पळावं."

"म्हणजे गणवेशच की."

"गणवेश तुझ्या डोक्यात. साधं, खेळातलं, पण बाजारात पण जाता येईल असं. निळा, पांढरा, राखाडी. लाल फक्त जॅकेटच्या बाहीवर, पट्टीपुरता. दहा वर्षांनी घातलं तरी जुनं वाटायला नको."

दाराशी दूध घेऊन उभ्या असलेल्या आईने पेला तिथेच उंबऱ्यावर ठेवला. दादा मात्र चित्रात बुडून म्हणाला, "बाहीला रिबची लवचिक पट्टी लावू. मनगटावर घट्ट बसेल, वारा शिरणार नाही."

"घाई आहे हं. थंडी सरली की मी मैदानावर हजर. थंडीभर गप पडून राहिले ती त्याच्यासाठीच."

आई खाली आली ती सरळ स्वतःच्या खोक्याकडे गेली. तिने शिट्टीचा एक जुना टीशर्ट, परवाच आत घेतलेला, घडी करून दादाच्या टेबलावर ठेवला. "ह्याच्यावरून काप," म्हणाली.

आता ह्या दुकानाची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. घरातल्या प्रत्येकाचं माप मास्तरांनी जाड तपकिरी कागदावर कापून ठेवलं होतं. पाठ, पुढा, बाही, पाय, सगळे तुकडे एका दोऱ्यात ओवून भिंतीवरच्या खिळ्याला. कागदांच्या कडा हाताळून हाताळून कापडासारख्या मऊ झालेल्या. घरच्या माणसाचा कपडा त्यावरूनच निघायचा. दोन दिवसांनी आई खाली उतरली तर शिट्टीचे कागद टेबलावर पसरलेले, कडांवर लोखंडी वजनं, आणि सातही कपडे कापून झालेले. तिने दिलेला टीशर्ट बाजूला जसाच्या तसा, घडीही न मोडलेला.

"अरे, मी तुला टीशर्ट दिला होता ना?"

"घातलेल्या टीशर्टवरून कापतात ते शिकाऊ. बाबांचा नमुना असताना?"

"पण ती... जरा उतरलीय रे."

दादाने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी उजेड होता. "तेच तर, आई. सगळे म्हणतात उतरली, उतरली. धाकटा तर रडून मोकळा झाला. पण मी कटर आहे, मला कपडा वाचता येतो. परवा राखाडी टीशर्ट घालून बसली होती, कसा बसला होता अंगाबरोबर! तो ह्याच कागदावरून कापलेला आहे, माझ्या हाताने. माप तसूभर हललेलं नाही. तोंड औषधांनी सुकलंय, बाकी काही नाही. बरी होणार ती, तू बघच."

आपण एका लेकराची समजूत काढायला सुई उचलली आणि दुसऱ्या लेकराने त्याच टाक्यांवर आशेचा मजला चढवला, हे आईला त्या क्षणी कळलं. आणि कळूनही ती एवढंच म्हणाली, "हो रे बाबा. तुझ्या तोंडात साखर पडो."

ट्रायलचा दिवस ठरला. शिट्टी स्वतः जिना उतरून येणार होती, थंडी सुरू झाल्यापासून पहिल्यांदा. धाकटाही यायचा होता. वहिनीने सकाळपासून शिवून सातही कपडे दांडीवर लावले होते. दादा नाक्यावर बटणं आणायला गेल्याचं बघून आई वहिनीच्या मशीनजवळ आली.

"सूनबाई, एक काम कर. हे सगळे बाजूंनी आत घे. ती उतरायच्या आधी."

वहिनीने मशीन थांबवलं. "किती घेऊ?"

आई दांडीवरचे कपडे उगाच इकडचे तिकडे सरकवू लागली.

"किती, ते तुम्हीच सांगायला हवं, आई. घरात दुसऱ्या कुणाला माहीत नाही."

"म्हणजे... तुला?"

"खालच्या कडेला हेम मारायला आला होता ना त्यांचा एक टीशर्ट माझ्याकडे. मी ओव्हरलॉक मारलेल्या शिवणीत हातशिलाई कुठून आली? इतका बारीक टाका ह्या गल्लीत दुसरं कोण घालतं? आणि होजिअरीच्या ताणणाऱ्या कापडाला हातटाका सैल घालावा लागतो, नाहीतर ताणला की तडकतो, हे मला शिकवलंत तुम्हीच." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मी बोलले नाही. म्हटलं, आईचं काळीज आहे. पण आता मला त्यात ओढू नका."

"अगं, तिचा जीव जाईल ग बघून!"

"आणि न बघता राहील? रोज विचारतात मला, वहिनी, मैदानावर कधी जाऊ? मी म्हणते, जरा थांबा वन्सं, अंग भरू दे. थांबून थांबून काय उरायचंय त्यांच्याकडे? मी शिवणार नाही आई. मला घरातून काढलंत तरी चालेल."

"तुला काढलं तर ओव्हरलॉक कोण चालवणार?" आई म्हणाली, आणि दोघी त्या जागी, त्या घडीला, हसल्या. हसता हसता म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं, ते तिने दांडीवरच्या पांढऱ्या टीशर्टला पुसलं नाही, पदरालाच पुसलं. डाग पडेल ही धास्ती तिथेही सुटली नाही.

मग तिने तोच पांढरा टीशर्ट दांडीवरून ओढला आणि खिडकीशी बसली. उसव, काप, शिव. बोटं धावत होती आणि ओठ देवाचं नाव घेत होते. पण एका सुईने किती धावायचं? तो एक जेमतेम झाला आणि दार वाजलं. धाकटा आत आला, हातात औषधांची पिशवी.

"ट्रायल आज नको," त्याने आल्या आल्या सांगितलं. "मी वर जाऊन सांगतो, डॉक्टरांनी जिना बंद केलाय म्हणून."

"आणखी एक खोटं?" वहिनी म्हणाली.

"वहिनी, तुम्ही मधे पडू नका. हे आमच्या रक्ताचं आहे."

"मग रक्ताच्याच माणसांनी शिवायचे होते कपडे. मला कशाला बसवलंत?"

एवढ्यात वरची पायरी कुरकुरली. मग तिच्या खालची. मधे बराच वेळ काही नाही. मग पुढची. खाली तिघेही माना वर करून, सापडलेल्या चोरांसारखे उभे. दादा बटणं घेऊन दारात आला तोही तसाच थबकला.

"काय रे, वरात बघताय का?" शिट्टी शेवटच्या पायरीवर बसली आणि धापा टाकत म्हणाली. "चाळीस पोरांना धावायला लावणारी बाई, घरच्या जिन्याने दमवली. चला, आणा माझा खजिना."

वहिनीने पडदा धरला. आईने पहिल्यांदा पांढरा टीशर्ट पुढे केला. शिट्टी पडद्याबाहेर आली. पांढरा टीशर्ट अंगाला अंगासारखा बसलेला. तिने सवयीने दोन्ही कुशींवरून हात फिरवला आणि आरशात दादाकडे बघून अंगठा वर केला.

दादाचा ऊर भरून आला. तो धाकट्याकडे वळून हळूच म्हणाला, "बघितलंस? काय म्हणत होतो मी?" धाकट्याने आईकडे बघितलं. आई सुईत दोरा ओवत होती. ओवलेलाच होता, तरी ओवत होती.

"आता जॅकेट," शिट्टी म्हणाली. "ते मुख्य."

आईचे हात स्वेटशर्टकडे गेले, पँटकडे गेले, पण जॅकेट दादानेच दांडीवरून काढलं. त्याच्या हातची ती सगळ्यात सुंदर वस्तू होती. गडद निळं, बाहीवर लाल पट्टी, आणि ती पट्टी खांद्याच्या शिवणीला अशी जुळलेली की जणू कापड विणतानाच आली असावी. दादाने ते नवरीला शाल पांघरावी तसं बहिणीला घातलं आणि झिप गळ्यापर्यंत ओढली.

आणि हात खाली घेतला.

खांद्याची शिवण दंडावर उतरली होती. छातीवर कापडाच्या घड्या पडल्या. कमरेजवळची रिब, जी अंगाला धरून ठेवायची, ती रिकाम्या पिशवीच्या तोंडासारखी लोंबत होती. आरशात एक निळं जॅकेट उभं होतं आणि त्यातून एक मान बाहेर आली होती.

दादा कटर होता; त्याला कपडा वाचता येत होता. एकाच कागदावरून कापलेले दोन कपडे, एक बसतो आणि एक लोंबतो, असं होत नाही. त्याची नजर पांढऱ्या टीशर्टच्या दिसणाऱ्या कडेवर गेली, तिथून आईच्या बोटांवर, बोटांतल्या सुईवर. त्याने कागदावर मांडलेलं सगळं एका दमात पुसलं गेलं. परवाचा राखाडी टीशर्ट, तोंड सुकलंय म्हणालेला तो, बरी होणार म्हणालेला तो.

"हे रे काय?" शिट्टी हसत म्हणाली. "कुणाचं माप घेतलंस? त्या जाड हेडमास्तरांचं?"

धाकटा पटकन पुढे झाला. "दादा, चुकलास तू! सरळ चुकलास. बाईमाणसाचं जॅकेट असं कापतात का?"

सगळ्यांनी दादाकडे बघितलं. आईने तर हात जोडल्यासारखे छातीशी धरले. दादाने एकदा भिंतीवरच्या खिळ्याकडे पाहिलं, जिथे मास्तरांचे कागद होते. मग म्हणाला, "हो. चुकलो मी."

शिट्टीचं हसू जागच्या जागी थांबलं.

"काय म्हणालास?"

"माझी चूक झाली. आत घेऊन देतो."

"दादा," ती अगदी सावकाश म्हणाली, "तुझी चूक काढली की तू दोन दिवस जेवत नाहीस. त्या वकिलाच्या कोटाच्या वेळी तू त्यालाच सांगितलंस, कोट बरोबर आहे, तुमचं पोट चुकलंय. बाबांनी एकदा तुझी कॉलर वाकडी म्हटली, तर तू पट्टी लावून त्यांना खोटं पाडलंस. आणि आज एका शब्दात चुकलो?"

दादाने जॅकेट काढून घ्यायला हात पुढे केला.

तिने जॅकेटची झिप खाली ओढली. आतल्या पांढऱ्या टीशर्टची कड उलटी केली आणि कुशीची शिवण उजेडात धरली. नवा कोरा टीशर्ट, आणि शिवणीत ओव्हरलॉकच्या दोऱ्याऐवजी ते इवलेसे, एकासारखे एक हातटाके. तिने लहानपणापासून हे टाके पाहिले होते. तिच्या शाळेच्या दप्तरावर होते, पहिल्या धावण्याच्या बुटांच्या पिशवीवर होते.

"आई."

"हं."

"वर माझे सगळे कपडे असेच आहेत?"

आईला हो म्हणता येईना आणि नाही म्हणता येईना. ती उठली, रिळांचा डबा आणला, रिळं काढून टेबलावर ठेवली आणि तळाच्या पट्ट्या बाहेर काढल्या. राखाडी, पिवळ्या, फुलाफुलांच्या, निळ्या. शिट्टी कटिंगच्या टेबलापाशी स्टुलावर बसली. तिने एका टीशर्टच्या पट्ट्या वेगळ्या केल्या, कडेला कड लावून एकीपुढे एक ठेवत गेली, शांतपणे, मैदानावर पोरांना रांगेत उभं करावं तशी. मग त्यावर हाताचा पंजा ठेवला. पंजा पुरला नाही.

"एवढी गेले मी," ती म्हणाली.

धाकटा रडायला लागला. मोठ्याने, लहान पोरासारखा. तिने त्याच्याकडे न बघता विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले रे? खरं सांग. औषधवाला आहेस, मापात सांग."

"वसंत," धाकटा म्हणाला. "वसंत बघेल म्हणाले."

"वसंत." तिने मान हलवली. "आणि मी थंडी झोपून काढली. पोरं खिडकीखाली येऊन हाका मारायची. मी म्हणायचे, जरा दम धरा, नीट बरी होऊनच येते. कपडे बसतायत म्हणजे आहे ते टिकलंय, आणखी थोडं पडून राहिलं की भरून निघेल. मला कळलं असतं तर त्या थंडीत मी स्वेटरवर स्वेटर घालून मैदानाच्या कडेला बसले असते. नुसती बसले असते. माझी थंडी गेली गं, आई."

"मला वाटलं..." आई म्हणाली.

"तुला वाटलं मी घाबरेन."

"नाही ग माझ्या बाई. मी घाबरले. तू कुशीवर हात फिरवायचीस, तेव्हा मीच मरायची."

वहिनीने मशीनवरचं पाणी उचलून नणंदेच्या हातात दिलं आणि तिच्या पाठीशी उभी राहिली, इतकी जवळ की टेकता यावं. शिट्टी टेकली. पाणी प्यायली. मग पेला ठेवून म्हणाली, "दादा, टेप काढ. माप घे माझं. बाबांच्या पद्धतीने."

मास्तरांची पद्धत अशी होती. माप घेणाऱ्याने आकडा खणखणीत उच्चारायचा, दुसऱ्याने तो तेवढ्याच मोठ्याने परत म्हणायचा आणि खडूने टेबलावर लिहायचा. पुटपुटलेलं माप म्हणजे वाया गेलेलं कापड, असं ते म्हणायचे. गिऱ्हाईक कितीही लठ्ठ असो, लाजरं असो, आकडा दुकानभर ऐकू जायचा.

"लिहायला कोण?" वहिनी खडू घेऊन पुढे झाली.

"नाही," शिट्टी म्हणाली. "आई लिहील."

आईने खडू घेतला. दादाने टेप खांद्यावर धरली. खांद्याचा आकडा त्याने म्हटला, आईने म्हटला, लिहिला. बाहीचा म्हटला. बाहीत फारसा फरक नव्हता. हाडं काही आखूड होत नाहीत. मग त्याने टेप छातीभोवती घेतली. दोन्ही टोकं जुळली, पुढे सरकली, अजून पुढे सरकली. दादाने आकडा बघितला आणि त्याचे ओठ नुसते हलले.

दुकान वाट बघत राहिलं. शिट्टी समोर भिंतीकडे बघत ताठ उभी होती, पळायच्या आधी रेघेवर उभी राहायची तशी.

"मोठ्याने, बाळा," आई म्हणाली. "ऐकू आलं नाही."

दादाने आकडा म्हटला. त्याचा आवाज फाटला, पण दुकानभर गेला. आणि आईने तो आकडा, जो ती थंडीभर आपल्या बोटांत लपवत आली होती, तेवढ्याच मोठ्याने परत म्हटला आणि टेबलावर लिहिला. मग कंबर. मग मांडी. एकेक आकडा दोनदा, भिंतीला लागून परत येत होता. लिहून झालं तेव्हा म्हातारीच्या पदरावर खडूची पांढरी धूळ होती आणि लेकीच्या चेहऱ्यावर, तुम्हाला खोटं वाटेल, पण थोडी विश्रांती होती.

"आता शिवा," ती म्हणाली. "उद्या पुरे व्हायला हवेत. थंडी सरलीय, पोरं मैदानाकडे पळताना मला वरून दिसतात."

वहिनीने एकेक कपडा उसवायला घेतला. तिने जॅकेटला हात घातला तशी शिट्टी म्हणाली, "त्याला नको."

"लोंबतंय हो, वन्सं. पोरं हसतील."

"हसू देत. बाबांनी काढलेलं माप आहे ते. घरात माझं एक तरी तसंच राहू दे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सहा कपडे झाले. त्या वेळी घरात भांडणं झाली नाहीत असं नाही. धाकटा वहिनीशी बोलेना, वहिनी आईशी बोलेना, दादा कुणाशीच बोलेना. पण कापड एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिलं. आईने फक्त काजं केली. कुशीच्या शिवणीला तिने परत सुई लावली नाही.

शिट्टी मैदानावर जात राहिली. रोज नाही, जमेल तेव्हा. धाकटा तिला गाडीने सोडायचा. स्टुलावर बसायची, शिट्टी फुंकायला दम पुरत नसे, तर हात वर करायची आणि पोरं तेवढ्यावर सुटायची. कधी पांढऱ्यावर राखाडी, कधी पट्ट्यांवर निळं, हाताला येईल ते, सगळं एकमेकांशी जुळणारं. वर मात्र कायम जॅकेट.

आई एकदाच गेली. आत जायचं धाडस झालं नाही, जाळीच्या कुंपणाबाहेर उभी राहिली. मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाला लेक उभी होती, पाठमोरी. तेवढ्यात वारा सुटला. वसंतातला वारा तो, त्याला काय कमी जास्त कळतं? तो जॅकेटच्या सैल रिबमधून आत शिरला आणि बघता बघता जॅकेट भरलं. खांदे भरले, पाठ भरली, बाह्या भरल्या, लाल पट्टी ताठ झाली. लांबून बघणाऱ्या कुणालाही शपथेवर सांगता आलं असतं की ती मास्तरांची दांडगी लेक आहे, हिला काय झालंय? आई जाळीला बोटं अडकवून बघत राहिली. मग वारा पडला.

डॉक्टरांचा शब्द काही खोटा ठरला नाही.

तर मंडळी, उठायच्या आधी माझं एक मागणं. तुम्ही कधी कोवळ्या उन्हात कुठल्या मैदानाशेजारून जाल. गार वाऱ्यात कुणाचं तरी जॅकेट फुगलेलं दिसेल. तेव्हा क्षणभर थांबा आणि मास्तरांच्या त्या लेकीची आठवण काढा. आणि देवाला हात जोडलेत, तर कुंपणाबाहेर उभी असलेली ती म्हातारीही ध्यानात असू द्या.